तीन भोके, तीन टॅप

एका शाळेतील विज्ञानाचे शिक्षक आपल्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन माझ्याकडे आले होते. नववीतल्या या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी लेसर पॉइंटरची नळी बनवायला घेतली होती. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा पॉइंटर स्टँडवर नीट धरता येत नाही. परावर्तनाचा प्रयोग मांडावा, तर बटण दाबताच झोत हलतो आणि कोन मोजायचा राहून जातो. म्हणून आतला लेसर काढून तो धातूच्या भक्कम नळीत बसवावा, अशी त्यांची कल्पना होती. लेथवाल्याकडून त्यांनी २० मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यातून दोन नळ्या करून आणल्या होत्या. नळीच्या बाजूला भोक पाडायचे, त्यात आटे पाडायचे आणि आतला लेसर बारीक स्क्रूने आवळायचा, एवढेच काम उरले होते. त्यासाठी त्यांनी '३ नंबरचा' टॅप विकत आणला होता.

पहिल्या नळीत त्यांनी ३ मिलिमीटरचे भोक पाडले. तीन मिलिमीटरच्या स्क्रूला तीन मिलिमीटरचे भोक, हे वरवर पाहता सरळच आहे. टॅप न फिरवताच आत गेला आणि त्याच्यामागून स्क्रूही आत पडला. दुसऱ्या वेळी सावध होऊन त्यांनी २ मिलिमीटरचे भोक पाडले. भोक लहान असले की स्क्रू घट्ट बसेल, हा विचार. या वेळी टॅप एक-दोन फेरे फिरला, अडकला आणि कट्कन मोडला. ज्याच्या हातून तो मोडला, तो मुलगा खाली मान घालून बसला होता. "याचा हात जरा जड आहे," शिक्षक म्हणाले.

हात जड नव्हता. हिशेब चुकला होता. आणि हा हिशेब त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. मी संशोधक विद्यार्थी असताना माझ्या हातूनही प्रयोगशाळेत असाच एक टॅप मोडला होता. तिथल्या कार्यशाळेतील जुन्या फिटरकाकांनी मला रागावण्याऐवजी एकच प्रश्न विचारला होता, "कितीचं भोक पाडलंत?" मला उत्तर देता आले नाही, आणि चूक कुठे झाली ते तिथेच कळले. टॅप निवडणे म्हणजे केवळ दुकानातून एक हत्यार आणणे नव्हे. भोकाचा व्यास, आट्यांची जवळीक, धातूची जाडी आणि त्या आट्यांकडून आपल्याला हवे असलेले काम, या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो. लेसर पॉइंटरची नळी हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे, कारण एकाच छोट्या नळीत तीन भोके असतात आणि तिन्हींची उत्तरे वेगवेगळी येतात.

टॅपवरचे दोन आकडे

नट किंवा भोक यांच्या आतील बाजूस आटे पाडण्याच्या हत्याराला टॅप म्हणतात. स्क्रूवर, म्हणजे बाहेरून, आटे पाडते ती डाय. टॅप दिसतो स्क्रूसारखाच. पण त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने खाचा असतात. या खाचांमुळे आट्यांना धारदार दात मिळतात आणि कापलेला धातूचा कीस साठायला जागा होते.

टॅपच्या दांडीवर दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, एम ३ × ०.५. 'एम' म्हणजे मेट्रिक. पहिला आकडा आट्यांचा बाहेरचा व्यास, येथे ३ मिलिमीटर. दुसरा आकडा पिच, म्हणजे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचे अंतर, येथे अर्धा मिलिमीटर. पुष्कळदा नेहमीच्या जाड आट्यांच्या टॅपवर दुसरा आकडा लिहिलेलाच नसतो. तो गृहीत धरलेला असतो. म्हणून दुकानात '३ नंबरचा' एवढेच सांगून भागते, आणि म्हणूनच पिच नावाची काही गोष्ट असते हे ध्यानात राहत नाही.

पिचचा अर्थ समजण्यासाठी कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी बाजू पेन्सिलीवर आट्यासारखी चढत जाईल. स्क्रू म्हणजे गुंडाळलेली उतरण. एक फेरा पूर्ण केला की आपण परिघाएवढे चालतो आणि पिचइतके वर चढतो. ९ मिलिमीटर व्यासाचा परीघ सुमारे २८ मिलिमीटर. पिच ०.५ असेल तर ५६ पावले चालल्यावर एक पाऊल चढ; पिच १.२५ असेल तर २३ पावलांतच एक पाऊल. पहिली उतरण सौम्य, दुसरी उभी. सौम्य उतरणीवर स्क्रू सावकाश सरकतो आणि आपोआप सैलही लवकर होत नाही.

भोक कितीचे?

आट्यांची जाडी बाहेरच्या व्यासातूनच आत कोरलेली असते. म्हणून टॅप फिरवण्याआधीचे भोक त्या व्यासापेक्षा लहान हवे. किती लहान? मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. त्यावरून भूमितीने आतल्या आट्यांची पूर्ण खोली पिचच्या ०.५४ पट येते. दोन्ही बाजू मिळून १.०८ पट. फिटर लोक यातला शेंडा सोडून देतात आणि एक सुटसुटीत नियम वापरतात:

भोकाचा व्यास = टॅपचा व्यास − पिच

एम ३ × ०.५ साठी ३ − ०.५ = २.५ मिलिमीटर. एम ४ × ०.७ साठी ३.३. एम ६ × १ साठी ५. पाठ करण्यासारखे काही नाही. वजाबाकी येत असली की पुरे.

आता त्या मुलांच्या दोन्ही नळ्या पाहू. ३ मिलिमीटरच्या भोकात टॅपच्या दातांना कापायला धातूच उरला नव्हता. २ मिलिमीटरच्या भोकात उलटी अडचण होती. एम ३ टॅपचे दात सोडून उरणारा गाभाच सुमारे २.३ मिलिमीटर जाड असतो. तो २ मिलिमीटरच्या भोकात जाणार कसा? टॅपचे निमुळते टोक थोडे आत गेले, मग गाभा अडकला आणि पिळाचा सगळा जोर त्या बारीक दांडीवर आला. टॅपचे पोलाद कडक असते, पण ठिसूळही. ते वाकत नाही, मोडते.

भोक किंचित मोठे झाले तर? २.५ ऐवजी २.६ मिलिमीटरचे भोक पाडले तर आट्यांची खोली प्रत्येक बाजूस ०.२५ वरून ०.२० मिलिमीटर होते. स्क्रू तरीही चांगला धरतो, आणि टॅपवरचा पीळ मात्र बराच हलका होतो. शिकणाऱ्या हातांसाठी ही तडजोड करायला हरकत नाही.

मागचे भोक: सेलचे झाकण

आपल्या नळीत मागून दोन पेन्सिल सेल, म्हणजे ए-ए मापाचे सेल, घालायचे आहेत. या सेलचा व्यास १४.५ मिलिमीटरपर्यंत असतो. म्हणून नळी मागच्या बाजूने १५ मिलिमीटरची पोकळ केली आहे. तिच्या तोंडाशी आतून आटे पाडून झाकण बसवायचे आहे. १६ मिलिमीटरचा टॅप त्यासाठी साजेसा वाटतो.

पण कोणता १६? नेहमी मिळणारा जाड आट्यांचा टॅप एम १६ × २. त्याचे भोक १६ − २ = १४ मिलिमीटर. म्हणजे १५ च्या पोकळीत आटे अर्धेमुर्धेच पडतील. आणि पोकळी १४ ची ठेवली तर सेलच आत जाणार नाही! एम १६ × १.५ घेतला तर भोक १४.५ चे, म्हणजे सेल आत अडकून बसण्याची भीती. एम १६ × १ घेतला तर भोक बरोबर १५ चे. पोकळीच आट्यांचे भोक होते, वेगळे काही कोरावे लागत नाही.

मोठा टॅप घेऊन प्रश्न सुटेल का? एम १८ × २.५ चे भोक १५.५ चे. सेल आरामात जाईल. पण नळी बाहेरून २० मिलिमीटरची. २० मधून १८ गेले की उरले २, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरची भिंत. टेबलावरून एकदा पडली की तोंड चेपणार आणि झाकण बसणार नाही. एम १६ मध्ये हीच भिंत २ मिलिमीटरची राहते.

मग आटे आणखी बारीक, एम १६ × ०.५ का घेऊ नयेत? हे झाकण वरचेवर उघडायचे आहे, तेही मुलांच्या हातांनी. अर्ध्या मिलिमीटरच्या आट्यांची खोली जेमतेम पाव मिलिमीटर. झाकण थोडे तिरके लागले की मऊ ॲल्युमिनियमचे आटे एकमेकांवर चढतात आणि सपाट होतात. शिवाय ७ मिलिमीटर खोल झाकण काढायला १४ फेरे! पिच १ असली की सातच फेरे. म्हणून येथे १ हे उत्तर.

हा टॅप कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा नसतो. हत्यारांच्या बाजारातून मागवावा लागतो. एकच नळी करायची असेल तर लेथवाल्यालाच '१६ ला १ ची पिच' सांगून आतले आणि झाकणाचे असे दोन्ही आटे लेथवर कापून घेणे सोयीचे. आणखी एक सूचना. नळीला ॲनोडायझिंग करून रंग देणार असाल तर आटे त्यातून वगळावेत. ॲनोडायझिंगचा थर म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्यातून वीज वाहत नाही. सेलचा परिपथ झाकणातून नळीत पूर्ण होत असेल तर लेसर लागणारच नाही, आणि आपण सेल बदलत बसू.

पुढचे भोक: भिंग

नळीच्या पुढच्या भागात १२ मिलिमीटर व्यासाची एक छोटी कुपी बसते. तिच्या मागच्या टोकाला लेसर डायोड, पुढच्या टोकाला भिंग. डायोडमधून निघणारा प्रकाश काही मुळात सरळ रेषेत जात नाही. तो पंख्यासारखा पसरतो. त्याला समांतर करण्याचे काम छोटे बहिर्वक्र भिंग करते. हे भिंग पितळी कडीत बसवलेले मिळते आणि या कडीचे प्रचलित माप आहे एम ९ × ०.५. म्हणजे कुपीत ८.५ मिलिमीटरचे भोक पाडून एम ९ × ०.५ चा टॅप फिरवायचा.

९ मिलिमीटरची नेहमीची जाड पिच १.२५ आहे. मग भिंगासाठी ०.५ च का? गणित करून पाहू. भिंगाचे नाभीय अंतर ५ मिलिमीटर धरा. डायोड बरोबर नाभीवर असेल तर झोत समांतर निघतो. भिंग नाभीय अंतरापेक्षा थोडे, समजा 'क्ष' मिलिमीटर, पुढे सरकवले तर प्रकाश दूरवर एका बिंदूत एकवटतो. 'क्ष' फार लहान असेल तर भिंगाच्या सूत्रावरून हे अंतर नाभीय अंतराचा वर्ग भागिले 'क्ष' एवढे येते. 'क्ष' ०.०१ मिलिमीटर धरला तर २५ ÷ ०.०१ = २,५०० मिलिमीटर, म्हणजे अडीच मीटर. मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकल्याबरोबर झोत अनंतावरून अडीच मीटरवर आला!

आता हा शंभरावा भाग बोटांनी कसा साधायचा? पिच ०.५ असेल तर तो एका फेऱ्याचा पन्नासावा भाग, ७.२ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. त्याहून थोडे जास्त. हे बोटांना जमते. पिच १.२५ असेल तर तेवढ्याच सरकण्याला २.९ अंश. दहा मीटर दूरच्या भिंतीवर ठिपका बारीक करायचा असेल तर पहिल्या कडीला १.८ अंश आणि दुसरीला ०.७ अंश एवढ्या नेमकेपणाने फिरवावे लागेल. दुसरे काम बोटांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ठिपका एकदा अलीकडे, एकदा पलीकडे जाईल आणि मुले म्हणतील, भिंग वाईट आहे. भिंग चांगले असते. आटे चुकीचे असतात.

बारीक आट्यांची किंमतही मोजावी लागते. एम ९ × ०.५ च्या आट्यांची पूर्ण खोली ०.२७ मिलिमीटर. हातातल्या ड्रिलने भोक थोडे ऐसपैस होऊन ८.७ मिलिमीटरचे झाले, तर खोली ०.१५ वर येते, म्हणजे जवळजवळ निम्मी. जाड आट्यांत एवढी चूक खपून गेली असती. म्हणून येथे आधी ८.२ चे भोक पाडून मग ८.५ च्या ड्रिलने साफ करावे, आणि जमल्यास लेथवरच.

भोक सरळ आणि मध्यावर असणेही तितकेच महत्त्वाचे. भिंग डायोडच्या मध्यरेषेपासून ०.१ मिलिमीटर बाजूला गेले तर झोत ०.१ ÷ ५ = ०.०२ रेडियन वळतो. म्हणजे दर मीटरला २ सेंटिमीटर. ठिपका लहान-मोठा करण्यासाठी कडी फिरवली की भिंतीवरचा ठिपका गोल गोल फिरू लागतो, ते यामुळेच. आट्यांतील थोडी सैल जागा घालवण्यासाठी भिंगामागे बारीक स्प्रिंग ठेवतात. स्प्रिंग नसेल तर नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर एक वेढा दिली तरी काम भागते.

बाजूचे भोक: आवळण्याचा स्क्रू

आता मुलांचे मूळ भोक. कुपी १२ मिलिमीटरची, नळी २० ची. म्हणजे येथे भिंत ४ मिलिमीटर जाड. तीत बिनडोक्याचा, म्हणजे ग्रब स्क्रू बसवायचा. एम २, एम ३ की एम ४?

येथे टॅपच्या जिवाचा विचार करावा लागतो. दांडी पिळून मोडायला लागणारे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास निम्मा केला की ताकद एक अष्टमांश. एम ३ च्या तुलनेत एम २ चा टॅप सुमारे तीन दशांश पीळच सोसतो. शिकणाऱ्याच्या हाती एम २ देणे म्हणजे मोडायलाच देणे. एम ४ मजबूत खरा, पण त्याची पिच ०.७, चार मिलिमीटरच्या भिंतीत साडेपाच-सहा आटे. एम ३ × ०.५ चे आठ आटे. शिवाय बारीक पिचमुळे कुपी हळुवार ढकलता येते. नळीभोवती १२० अंशांवर तीन स्क्रू, आणि अशा दोन रांगा केल्या, तर कुपी थोडी तिरकी करून झोत नळीच्या अक्षाशी जुळवताही येतो. म्हणून एम ३, भोक २.५.

संचातले तीन भाऊ

जाड आट्यांचे हाताने वापरायचे टॅप सामान्यतः तिघांच्या संचात मिळतात. पहिल्याचे टोक लांब निमुळते असते. तो भोकात सरळ शिरतो आणि थोडे थोडे कापतो. दुसरा कमी निमुळता. तिसऱ्याचे दात जवळजवळ टोकापर्यंत पूर्ण असतात. पहिल्याच्या दांडीवर एक रेघ, दुसऱ्याच्या दोन, आणि तिसरा बहुधा कोरा असतो. बारीक आट्यांचे संच बहुधा दोघांचेच असतात, कारण कापायचा धातूच कमी.

आरपार भोकात पहिलाच बरेचसे काम करतो. तळ असलेल्या भोकात मात्र तिन्ही लागतात, आणि भोक गरजेपेक्षा काही आटे खोल ठेवावे लागते. नाहीतर कीस तळाशी साठून टॅप अडकतो. आपल्या नळीतील तिन्ही भोके आरपार आहेत, ही जमेची बाजू.

पोलादाचे दोन प्रकार मिळतात. साधा कार्बन स्टीलचा टॅप स्वस्त. ॲल्युमिनियम आणि पितळ यांच्यासाठी हाताने वापरायला तो पुरतो. हायस्पीड स्टीलचा महाग, पण धार टिकते. शाळेला दरवर्षी लागणार असेल तर एम ३ चा एकच चांगला संच घ्यावा. 'शंभर तुकड्यांचा' स्वस्त संच घेण्याचा मोह टाळावा. त्यातले सत्तर तुकडे कधीच लागत नाहीत आणि जो लागतो तो बोथट निघतो.

दुकानात एक वेगळा टॅपही दिसेल, ज्याला खाचा जवळजवळ नसतात. तो धातू कापत नाही. दाबून आटे उठवतो. त्याला भोक मोठे लागते, व्यास वजा निम्मी पिच. एम ३ ला सुमारे २.७५. कापणाऱ्या टॅपच्या भोकात तो घातला तर मोडणार. म्हणून घेताना पाहून घ्यावा.

आटे पाडताना नळी व्हाइसमध्ये लाकडाच्या फळ्यांमध्ये धरावी. टॅप उभा आहे की नाही, ते दोन बाजूंनी गुण्या लावून पाहावे. एम ३ साठी तळहातात मावेल एवढेच हँडल घ्यावे. लांब हँडल म्हणजे मोठी तरफ, आणि तरफेला टॅपची दया येत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याचे बोटांना जाणवते. ॲल्युमिनियमवर रॉकेलचे दोन-चार थेंब टाकावेत (जवळपास ज्योत नसावी), पोलादावर कटिंग ऑइल. पितळ कोरडेच चांगले कापले जाते. कीस फुंकू नये, ब्रशने काढावा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

तरीही टॅप मोडला तर? तो ड्रिलने निघत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक असतो. पितळेच्या वस्तूत कार्बन स्टीलचा तुकडा अडकला असेल तर रसायनशास्त्र मदतीला येते. घड्याळजी लोक असा भाग तुरटीच्या गरम, संपृक्त द्रावणात ठेवतात. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते. त्यात पोलाद हळूहळू विरघळते, पितळ जवळजवळ तसेच राहते. काही तास लागतात, पण तुकडा सुटतो.

इंचाचा टॅप हाती आला तर

नळी स्टँडवर बसवण्यासाठी कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड फार सोयीचा. पण त्याचा स्क्रू मेट्रिक नाही. पाव इंच व्यासाचा आणि इंचाला २० आट्यांचा आहे. यामागे इतिहास आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे एकसारखे माप सुचवले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आणि अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, तरी जुन्या यंत्रांवर इंचाचे आटे अजून भेटतात.

आपला नियम येथेही चालतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, पिच २५.४ ÷ २० = १.२७; भोक ५.०८, म्हणजे ५.१ चे ड्रिल. हे भोक नळीत न पाडता नळीला धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात पाडावे. त्यात एम ६ चा स्क्रू मात्र घालू नये. व्यास जवळचे असल्याने तो सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो. पण पिच १ आणि १.२७ यांचे जुळत नाही. सैल डुगडुगत राहतो, किंवा जोर केला की आटे खराब करतो.

डोळ्यांपुढे झोत नको

नळी जितकी चांगली, झोत तितका एकवटलेला. म्हणून काळजीही तितकी जास्त. शाळेत १ मिलीवॉटपेक्षा कमी शक्तीचाच, म्हणजे वर्ग २ चा, दृश्य प्रकाशाचा लेसर वापरावा. त्याच्या बाबतीत पाव सेकंदात होणारी पापणीची उघडझाप सामान्यतः पुरेसे संरक्षण देते. मात्र जुन्या पॉइंटरचे भिंग किंवा परिपथ बदलला की बाहेर पडणारी शक्तीही बदलू शकते. जुन्या लेबलवर विसंबू नये. जवळच्या महाविद्यालयात प्रकाशशक्ती मोजण्याचे मीटर असल्यास तिथे मोजून घ्यावी, आणि तोवर तो मुलांच्या हाती देऊ नये. डायोड आणि परिपथ तयार घ्यावा, जास्त शक्तीचा डायोड 'नळीत बसतो म्हणून' बसवू नये. झोत डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नये, आणि त्याच्या वाटेत आरसा, चमच्यासारखी चकचकीत वस्तू येणार नाही हे पाहावे. भिंग जुळवताना झोताकडे न पाहता भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहावे.

त्या दिवशी मोडलेला टॅप आम्ही काढत बसलो नाही. नळी थोडी फिरवली आणि नव्या जागी खूण केली. ज्याचा हात 'जड' होता, त्यालाच ड्रिल निवडायला सांगितले. त्याने टॅपवरचे आकडे वाचले, मनाशी वजाबाकी केली आणि २.५ चे ड्रिल उचलले. आटे पडायला पाच मिनिटे लागली. जाताना त्याने टॅपच्या डबीवर पेनने लिहून ठेवले: '३ × ०.५, भोक २.५'.

वर्गात करून पाहा

१. घरातील किंवा प्रयोगशाळेतील पाच वेगवेगळे स्क्रू घ्या. मोजपट्टीवर दहा पिचचे अंतर मोजून दहाने भागा. कोणते मेट्रिक, कोणते इंचाचे, ते ठरवा.

२. प्रत्येकासाठी टॅपचे भोक काढा आणि तेवढे ड्रिल शाळेच्या पेटीत आहे का, ते पाहा.

३. ५ ऐवजी १० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले, तर झोत अडीच मीटरवर एकवटण्यासाठी ते किती सरकवावे लागेल? ०.५ पिचची कडी किती अंश फिरवावी लागेल? उत्तर आल्यावर सांगा, कोणते भिंग जुळवायला सोपे?